निळ्या शिंपल्यांची वाट

कोलंबसाने अमेरिकेचा ‘शोध लावला’, हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलं आहे. पोस्टडॉकसाठी ॲरिझोनात आल्यावर मला त्यातल्या क्रियापदाचीच शंका येऊ लागली. टूसॉन हे शहराचं नावच इथल्या ओओदम लोकांच्या भाषेतलं आहे. त्याचा अर्थ ‘काळ्या टेकडीचा पायथा’. म्हणजे युरोपियन आले, तेव्हा या सोनोरन वाळवंटातल्या टेकड्यांनासुद्धा नावं होती.

पहिले आले ते सोन्याच्या शोधात. 1539 मध्ये मार्कोस दे निसा या पाद्र्याच्या पुढे वाट काढत एस्तेबान चालला होता. तो मूळचा मोरोक्कोचा, स्पॅनिश लोकांचा गुलाम. झुनी लोकांच्या गावी तो मारला गेला. पुढच्या वर्षी कोरोनादो फौज घेऊन आला. सोन्याच्या सात नगरांऐवजी त्याला दगडमातीची घरं आणि मक्याची शेतं दिसली.

दीडशे वर्षांनी आलेला येझुइट पाद्री एउसेबिओ किनो याला वेगळंच कोडं पडलं होतं. त्या काळच्या बहुतेक नकाशांत कॅलिफोर्निया हे बेट दाखवलेलं असे. 1699 मध्ये हिला नदीकाठच्या लोकांनी त्याला निळे शिंपले भेट दिले. किनो चमकला. तसे शिंपले त्याने पूर्वी फक्त पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पाहिले होते. मध्ये समुद्र असेल, तर ते इथे पोचले कसे?

1700 मध्ये टूसॉनजवळच्या बाक गावी त्याने आजूबाजूच्या वस्त्यांच्या प्रमुखांना बोलावून हेच विचारलं. शिंपले हातोहात, जमिनीवरूनच आले होते. मग 1701 मध्ये त्याने कोलोरॅडो नदी ओलांडली, तीही तराफ्यावर ठेवलेल्या टोपलीत बसून. तराफा ढकलत होते पोहणारे स्थानिक लोक. कॅलिफोर्नियाला जमिनीवरून वाट आहे, हे त्याच्या नकाशाने जगाला सांगितलं.

किनोचं मोठेपण मी नाकारत नाही. त्याने विचारलं आणि ऐकून घेतलं, हे त्या काळात थोडं नव्हतं. पण मराठीत ‘शोध घेणं’ वेगळं आणि ‘शोध लावणं’ वेगळं. किनोने शोध घेतला. उत्तर मात्र पिढ्यान्‌पिढ्या शिंपल्यांचा व्यापार करणाऱ्यांकडे आधीपासून होतं.

त्या उत्तराची किंमतही त्यांनीच मोजली. 1774 मध्ये कॅप्टन आन्साने कॅलिफोर्नियाचा खुश्कीचा मार्ग उघडला. त्याचा वाटाड्या सेबास्तियान ताराबाल हा मिशनमधून पळून वाळवंट पार करून आलेला मूलनिवासी होता. नदीच्या उतारावर राहणाऱ्या क्वेचान लोकांनी आन्साचं स्वागत केलं. पुढे तिथे स्पॅनिश वसाहती झाल्या, त्यांची जनावरं क्वेचानांच्या शेतांत शिरली. 1781 मध्ये क्वेचानांनी उठाव केला आणि तो मार्ग बंद पडला.

1853 च्या गॅड्सडेन करारात अमेरिका आणि मेक्सिको यांची नवी सीमा ओओदमांच्या मुलखातून गेली. नातलग दोन देशांत विभागले. बाहेरच्यांनी रूढ केलेलं ‘पापागो’ हे नाव टाकून 1986 मध्ये त्यांनी ‘तोहोनो ओओदम’, म्हणजे वाळवंटाची माणसं, हे आपलं नाव अधिकृत केलं.

आपण परदेशी आलेली माणसं ‘नवीन जागा शोधली’ असं सहज म्हणतो. मी आता म्हणण्याआधी थांबते. वाट आधी कोणी दाखवली, ते आठवून बघते.