चार परगण्यांची चटणी आणि चिरलेले फळ

कल्याण स्थानकाच्या पश्चिमेस उतरून, दिवेलागणीच्या सुमारास, गर्दीतून वाट काढीत लक्ष्मी मार्केटाच्या दिशेने चालू लागलेल्या मनुष्यास ज्या तांबड्या रंगाच्या, कपाळावर ड्रॅगन रंगविलेल्या हातगाड्या ओलांडाव्या लागतात, त्यांच्या पाट्यांवर एकच शब्द ‘शेजवान’, ‘शेझवान’, ‘सेजवान’ आणि क्वचित ‘शेजवन’ अशा नाना रूपांनी नांदत असतो. आणि ज्याच्या लेखनाविषयी चार शेजारी गाडीवाल्यांचेही एकमत नाही, त्या शब्दाच्या मुळाशी काहीतरी गंमत असली पाहिजे, हे माझ्यासारख्या शब्दांच्या मागे लागलेल्या मनुष्याच्या ध्यानी यावयास पुष्कळ वर्षे जावी लागली, ही लाजिरवाणी गोष्ट मी आरंभीच कबूल करतो. कारण त्या वर्षांत मी तो पदार्थ निमूटपणे खात होतो. पुढे गाडीवरचे खाणे प्रकृतीस मानवेनासे झाले, तेव्हा सुक्या नूडल्सचा पुडा, पातीचा कांदा, कोबीचा अर्धा गड्डा आणि बरणीतील ती लालभडक चटणी एवढ्या सामग्रीवर पाव तासात चौघांचे भागते, असा शोध आमच्याही स्वयंपाकघरात लागला, आणि पावसाळ्यात गाड्या रखडल्या की घरी उशिरा पोहोचणाऱ्यांची ती हक्काची सोय झाली.

‘हक्काची’ हा शब्द मी मुद्दाम योजला. पुड्यावर ‘हक्का नूडल्स’ असे छापलेले असते आणि मराठी कानाला त्यात अरबी-फारसी दप्तरातला हक्क ऐकू येतो. परंतु ‘हक्का’ हे चीनच्या दक्षिणेकडील एका लोकसमूहाचे नाव असून त्याचा अर्थ ‘पाहुणी कुळे’ असा आहे. त्याच समूहाची वस्ती कलकत्त्याच्या टांगऱ्यात झाली, आणि तिच्यामुळे हा पदार्थ हिंदुस्थानभर गेला. पाहुण्यांचे अन्न हक्काचे होऊन बसावे, हा श्लेष मी रचलेला नाही. तो वाण्याच्या दुकानात आयता मिळतो.

नूडल्सची स्वतःची वंशावळ सर्वश्रुत असल्याने तिला एक परिच्छेद पुरे. पीठ छिद्रांतून दाबून त्याच्या तारा काढण्याची विद्या आपणांस कोणी शिकविलेली नाही: १०२५ सालच्या सुमारास चालुक्यांच्या आश्रयाने लिहिलेल्या चावुंडरायाच्या ‘लोकोपकार’ या कन्नड ग्रंथात शाविगे आणि ती पाडण्याचा साचा आहे (त्या चालुक्यांची पुढची राजधानी कल्याणी ती बिदरकडची, आमचे कल्याण नव्हे, ही चूक मी एकदा चारचौघांत केलेली आहे), आणि कोकणातले शिरवाळे व देशावरची कुरडई त्याच कुळातली. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली जपानात तळून वाळविलेल्या झटपट नूडल्स विकावयास काढल्या, १९८३च्या सुमारास मॅगी आपल्याकडे आली, आणि शेवयांचा तिखट सांजा करणाऱ्या आमच्या आईने ती पाहून “ह्यात नवीन ते काय?” एवढाच अभिप्राय दिला. माझे मत तेच आहे. नवीन असलेच तर ते चटणीत.

‘शेजवान’ म्हणजे चीनचा सिचुआन हा प्रांत, इतके बहुतेकांना ठाऊक असते. त्या नावाचा अर्थ ‘चार नद्या’ असा सांगण्याचा प्रघात आहे; प्रांतात नद्या विपुल असल्यामुळे तो पटतोही, आणि मग कोणत्या चार यावर मोजणाऱ्यांचे भांडण जुंपते. मला ही व्युत्पत्ती मान्य नाही. सुंग राजवटीत, इ. स. १००१च्या सुमारास, त्या मुलखाची चार ‘लू’मध्ये वाटणी झाली, आणि त्या चौघांच्या मिळून झालेल्या लांबलचक सरकारी नावाचा संक्षेप होऊन ‘सि-चुआन’ राहिले. यातला ‘सि’ म्हणजे चार हा आकडा नद्यांचा नसून या मुलकी विभागांचा आहे. ‘लू’ला आपल्या जुन्या दप्तरातला शब्द द्यावयाचा तर ‘सुभा’ म्हणावे लागेल, पण बंगालच्या चोवीस परगण्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे असल्यामुळे मी ‘चार परगणे’ म्हणतो. तात्पर्य, आमच्या नाक्यावरची ‘शेजवान चटणी’ ही शब्दशः परगण्यांची चटणी ठरते, आणि जमाबंदीच्या कागदातून बाहेर पडून थेट कढईत उतरलेला असा दुसरा शब्द मला तरी माहीत नाही.

आता हा शब्द इकडे आला कसा? सत्तरच्या दशकात मुंबईच्या ताज महाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ हे उपाहारगृह निघाले आणि त्याने सिचुआनी पाककलेची ओळख मुंबईच्या श्रीमंतांस करून दिली, हे खरे. परंतु तेथील बल्लवांनी आमच्या बरणीतली चटणी शिकविली, हे जे सांगितले जाते, ते मी मानीत नाही. सुक्या तांबड्या मिरच्या भिजवून वाटाव्या, त्यात मूठभर लसूण आणि आले घालावे, सढळ तेलात परतावे आणि शिरक्याने आंबट करावे, या कृतीत परकीय काय आहे? शिरका वगळला तर कोणतीही घाटावरची सुगरण तिला लसणाच्या ओल्या चटणीची धाकटी बहीण म्हणेल. चटणी आमचीच, नाव तेवढे परगण्यांचे.

आणि अशी नावे चिकटविण्याचा आमच्या बाजारपेठेचा परिपाठ फार जुना आहे. दालचिनी हा फारसी शब्द. अर्थ ‘चीनचे लाकूड’. पण आपल्या खाण्यात पिढ्यान्‌पिढ्या असलेली साल मलबारची नाहीतर सिंहलद्वीपाची. कबाबचिनी तर जावा बेटातली. माल दूरचा आहे आणि म्हणून किंमत थोडी जास्त आहे, हे सांगण्याची ‘चिनी’ ही व्यापाऱ्यांची रीतच होती, आणि शेजवान हे त्या मालिकेतले सर्वांत ताजे नाव होय. हा शब्द एका कंपनीच्या मालकीचा की सर्वांच्या, हा वाद न्यायालयापर्यंतही गेला, आणि २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने मनाई हुकूम नाकारताना हे नाव प्रथमदर्शनी केवळ वर्णनपर असल्याचे मत दिले. न्यायमूर्तींनी वर्णन कशाचे ते माझ्यासारख्यास विचारले असते, तर माझी जबानी थोडी गैरसोयीची झाली असती. कारण सिचुआनची म्हणून जी खूण, ती या चटणीत औषधालाही नसते.

ती खूण मला अपघाताने सापडली. नोकरीनिमित्त सिचुआनातल्या चेंगडू शहरी राहून आलेल्या भाच्याने तेथील मसाल्याची एक पुडी आणली. विटकरी रंगाची, तोंड उघडलेली, पोकळ टरफले. मी ती उलटसुलट करून पाहत होतो, तोच आमच्या घरातून, ज्यांचे माहेर मालवणकडचे आहे, त्या पदर खोचीत बाहेर आल्या, पुडी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, “अहो, ही तर आमची तिरफळं! भाच्याने चीनमधून हे आणलंन्? आईकडे डबा भरून आहेत.”

हा सारा लेख त्या एका वाक्यावर उभा आहे.

मालवणी आणि गोमंतकीय स्वयंपाकात बांगड्या-तारल्यांच्या आमटीत, आणि शिवराकाच्या, म्हणजे शाकाहाराच्या, दिवशी मक्याच्या कणसांच्या तोंडाकात, जे तिरफळ ठेचून टाकतात, त्याचे शास्त्रीय नाव झँथोझायलम रेत्सा; सिचुआनचे ‘हुआजियाओ’ हे त्याच झँथोझायलम कुळीतल्या दुसऱ्या झाडाचे फळ. दोन्ही काटेरी, दोन्ही लिंबाच्या गोतातली, दोन्हींचे टरफल कामाचे आणि बी टाकाऊ, दोन्हींनी जिभेस झिणझिण्या येतात. चिनी अधिक, आपले बेताने. चिनी भाषेत या झिणझिण्यांना ‘मा’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि कन्नड माणसाने तर फळाचे नावच ‘जुम्मनकाय’, म्हणजे जुम्‌जुम् करणारे फळ, असे ठेवले. लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली ही झिणझिण मोजली, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांची भरली. आपल्या घरातल्या विजेच्या प्रवाहाची वारंवारता नेमकी तेवढीच असावी, हा योगायोग मी नुसता नमूद करून पुढे जातो.

मिरची तिकडे नवखी आहे. चिनी ग्रंथांत तिची पहिली नोंद १५९१ सालची, तीही ‘परदेशी जियाओ’ या नावाने. आणि ‘जियाओ’ हे मूळचे याच हुआजियाओच्या घराण्याचे नाव. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेल्या परकीय फळाला मिऱ्याच्या घरात दत्तक घेऊन ‘मिरची’ केले, आणि मुंबईकडे तिला एके काळी ‘गोवाई मिरची’ म्हणत. दोन दूरच्या देशांनी एकाच पाहुणीस एकाच युक्तीने घरचे आडनाव द्यावे, आणि दोहोंकडे तिने मूळ मालकिणीला माजघरात ढकलावे, याला काय म्हणावे?

पण खरा पेच तिरफळ या शब्दाचा. सर्वांत सोपी व्युत्पत्ती ‘त्रिफळ’, आणि ती साफ चुकीची आहे. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळकाठी. कल्याणच्या दुकानात तिरफळ मागावे आणि वैद्याच्या चूर्णाची पुडी हाती पडावी, हा अनुभव मी दोनदा घेतला आहे. फळात तीनपणा कुठेच नाही: देठावर एक टरफल, टरफलात एक काळे चकचकीत बी. दुसरा पक्ष म्हणतो की मूळ शब्द ‘तेजफळ’. हिमालयाकडील याच कुळीच्या झाडाला हिंदीत ‘तेजबल’ म्हणतात आणि कोकणीत ‘तेफळ’ असे रूप आहे. हा पक्ष तगडा आहे, आणि मीही काही महिने त्याच्याच बाजूला होतो.

मला तिथून हलविले ते घरातल्याच दुसऱ्या उच्चाराने. सासूबाई तिरफळ म्हणत नाहीत, ‘चिरफळ’ म्हणतात. आजवर मी तो बोलीतला अपभ्रंश समजत होतो. पण फळ हातात घेऊन पाहा: पिकून वाळले की ते मध्ये चिरते, दोन ओठ विलगतात आणि आतले बी डोकावते. आता अरबांकडे वळा. त्यांच्या वैद्यकात या फळाला ‘फाघिरा’ म्हणजे ‘आ वासलेली’ असे नाव आहे. युनानी हकीम याच कुळीच्या फळाला ‘कबाबा-ए-खंदाँ’ म्हणतात, म्हणजे हसणारी कबाबचिनी. अरबाला ते जांभई देताना दिसले, इराण्याला हसताना, आणि कोकणातल्या बाईला, जिच्या हातात विळी होती, चिरलेले दिसले. तीन भाषांतल्या लोकांनी एकाच भेगेकडे बोट दाखविले असता चौथ्याने ‘तेज’ म्हणावे, हे मला पटत नाही. माझा सिद्धांत असा की चिरफळ हे मूळ. ‘त्रिफळा’ या प्रतिष्ठित शब्दाच्या सहवासाने ‘च’चा ‘त’ झाला. आणि कोकणी ‘तेफळ’ हे तिरफळाचेच झिजलेले रूप. ‘च’चा ‘त’ असा सहजी होत नाही, हा आक्षेप भाषाशास्त्री घेतील. घेवोत, वैद्याचे वजन ध्वनिनियमाहून भारी पडल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

‘रेत्सा’चीही एक गोष्ट आहे. तेलुगू मुलखात काम केलेल्या विल्यम रॉक्सबर्गने हे नाव तिथल्या बोलीतून उचलले. ‘रच्च’ म्हणजे गावच्या पंचांची बैठक, आणि या झाडाच्या सावलीत लोक तंटे निवडीत, असे त्याने लिहिले आहे. त्याने झाडाला जे नाव दिले ते ‘फॅगारा रेत्सा’: पहिला शब्द अरबी फाघिरावरून, दुसरा तेलुगू. म्हणजे शब्दशः ‘आ वासलेली चावडी’. आमच्या पारनाक्यावर सायंकाळी जी बैठक जमते, तिला याहून समर्पक नाव शोधून सापडणार नाही.

कोणी म्हणेल, हे फळ समुद्रमार्गे चीनहून कल्याणासच उतरले नसेल कशावरून? मोह मोठा आहे. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस आपल्या ग्रंथात कल्याण बंदरातून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड जात असल्याचे सांगतो, आणि रेशमाच्या दूरच्या देशाचे, म्हणजे चीनचेही, नाव घेतो. परंतु सह्याद्रीच्या उतारावर रेत्सा आपोआप उगवते, आणि चिनी झाड जातीने वेगळे आहे. या दोघी सख्ख्या चुलत बहिणी. एकीने दुसरीकडे जाण्याचे कारणच पडलेले नाही. त्यांची भेट माझ्या मते आमच्या कढईत प्रथम झाली.

ती अशी. नूडल्स मिठाच्या पाण्यात बोटचेप्या उकडून, गार पाण्याखाली धरून, तेलाचा हात लावून ठेवाव्या. आठ-दहा चिरफळांतले काळे बी काढून टाकावे, ते दाताखाली रेतीसारखे कचकचते. टरफले कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत शेकून खलात जाडसर कुटावी. लोखंडी कढईत तेल धुरावले की लसूण, पातीचा कांदा, कोबी मोठ्या आचेवर, मग चटणी, मग नूडल्स, आणि आच बंद केल्यावर ती पूड. आधी घातली तर कडू होते.

मालवण, वेंगुर्ले, कारवार आणि गोव्याकडील वाचकांस एकच विनंती: आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध बाईंना हे फळ दाखवावे, नाव आपण उच्चारू नये, आणि त्या ‘च’ म्हणतात की ‘त’, एवढे मला कळवावे. आमच्या सासूबाईंचे एक मत मी मोजून ठेवले आहे.