अवधानन्यूनता अतिचंचलता विकार आणि सहविकार
अवधानन्यूनता अतिचंचलता विकार (एडीएचडी) हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार असून त्याची लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसू लागतात. अनेक बालकांत त्यासोबत अध्ययन अक्षमता, चिंताविकार, स्वमग्नता, झोपेच्या तक्रारी किंवा सतत विरोध करण्याचे वर्तन आढळते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या तपासणीसाठी निवडलेल्या ३० आरोग्य समस्यांत एडीएचडी, स्वमग्नता व अध्ययन अक्षमता या तिन्हींचा समावेश आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत मात्र स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा नामोल्लेख असून एडीएचडीचा नाही. त्यामुळे सहविकाराचे निदान केवळ उपचारापुरते महत्त्वाचे राहत नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र बहुधा त्यावरच अवलंबून असते.

हे निदान सोपे नाही. बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यात अन्य राज्यांतून आलेल्या कामगारांची, तर जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांवर वारली बोलणाऱ्या कुटुंबांची मुले शाळेत येतात. शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असली की वाचताना अडखळणे हे अध्ययन अक्षमतेचे आणि वर्गात लक्ष नसणे हे एडीएचडीचे लक्षण वाटू शकते. म्हणून चाचणी मुलाला अवगत असलेल्या भाषेत घेणे आवश्यक ठरते.