अडवाची लढाई : मेजावरची आणि रणातली

दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. तिचेच नियमबद्ध रूप पाश्चात्त्य देशांत मोठी माणसेही जोपासतात. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम दिले. इंचभर उंचीचे सैनिक रंगवावयाचे आणि फासे व मोजपट्टी घेऊन मेजावर जुनी लढाई पुन्हा खेळावयाची, असा हा छंद.

इथिओपियाचे सैन्य मांडावयाचे, तर १ मार्च १८९६ ची अडवाची लढाई डोळ्यांपुढे येते. वुचालेच्या तहाच्या (१८८९) सतराव्या कलमाचा इटालियन पाठ इथिओपियास इटलीच्या अंकित ठरवीत होता. अम्हारिक पाठात ते बंधन नव्हते. त्यातून युद्ध पेटले. सम्राट मेनेलिक यांच्यापाशी सुमारे एक लाख माणसे होती. जनरल बाराटिएरी यांच्यापाशी सुमारे साडेसतरा हजार सैनिक आणि ५६ तोफा.

हे सैन्य म्हणजे ढाल-भाल्यांचा जमाव, असे समजून प्रतिमा रंगविणे चूक ठरेल. पांढरा शामा पांघरलेल्या बहुसंख्य शिपायांच्या हाती बंदुका होत्या. रचनाही पक्की होती. ‘फितावरारी’ म्हणजे आघाडीचा सेनानी, आपल्या बिनीवाल्यांसारखा. ‘केन्याझमाच’ उजव्या बगलेचा, तर ‘ग्राझमाच’ डाव्या. सम्राज्ञी ताय्तू यांचे स्वतंत्र पथकही रणात होते.

मात्र मेजावर भूक मांडता येत नाही. तिग्राईच्या डोंगराळ मुलुखात लाखाच्या फौजेचा दाणागोटा संपत आला होता. पानिपतावरील उपासमार ठाऊक असलेल्या मराठी वाचकास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. बाराटिएरी यांचीही रसद आटत होती. त्यात पंतप्रधान क्रिस्पी यांच्या टोचणीच्या तारा येत होत्या. अखेर २९ फेब्रुवारीच्या रात्री त्यांनी कूच केले. नकाशा सदोष होता. आल्बेर्तोने यांची तुकडी भलत्याच टेकडीकडे पुढे गेली, एकाकी पडली आणि इटालियन फौजेचा एकेक भाग वेगवेगळा गाठला गेला. ऑक्टोबर १८९६ मधील अदिस अबाबाच्या तहाने इटलीस इथिओपियाचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले.

म्हणूनच या खेळात प्रत्येक डावागणिक दोन्ही पक्षांचे धान्य घटविण्याचा नियम असावा. शौर्य फाशांवर सोपविता येईल. परंतु अडवाला कोणाचा धीर आधी सुटला, हे त्या धान्याच्या हिशेबावाचून समजणार नाही.