कुंडीतली तुळस, कोथिंबीर, पुदिना आडवा होतोय? रासायनिक औषध न मारता कीड-रोग असे रोखा

बदलापूर : मृगाचा पाऊस पडला की अंबरनाथ तालुक्यात घरोघरी कुंड्या भरायला सुरुवात होते. कुणी तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या चुरडून टाकतं, कुणी धने पेरतं, कुणी बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या काड्या खोचतं. आठ-दहा दिवसांत रोपं वर येतात आणि पुढच्या आठवड्यात त्यातली अर्धी आडवी होतात. मग भातासाठी किंवा वांग्यासाठी आणलेलं औषध घरात शिल्लक असतंच, तेच थोडं मारलं जातं.

नेमकं तेच करू नये. शेतातल्या औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही हे लिहिलेलं असतं. कुंडीतली कोथिंबीर आणि पुदिना मात्र रोज थोडा खुडला जातो आणि कच्चाच चटणीत जातो. तुळशीचं पान पोराच्या खोकल्याला थेट तोंडात दिलं जातं. तिथे थांबायला कुणाला सवड नसते.

रात्रीत रोप पडलं तर आधी पाणी बघा

कोवळी रोपं जास्तीत जास्त मरतात ती रोप कोलमडण्याच्या रोगाने. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशींमुळे तो होतो. खूण सोपी आहे. रोपाचं खोड मातीलगत पाणचट, बारीक, दोऱ्यासारखं होतं आणि वरचा भाग हिरवा असतानाच रोप झोपतं. पडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्याच्यावर फवारणी म्हणजे पैसा फुकट. ते बाजूच्या मातीसकट चमच्याने काढून लांब टाकावं, उरलेल्या रोपांचं पाणी दोन दिवस बंद ठेवावं आणि कुंडी वारा-उजेड मिळेल अशा जागी, पण पागोळीखाली येणार नाही अशी ठेवावी. आपल्याकडे जुलैत पाऊस चार-चार दिवस उघडत नाही. तेव्हा रोपाच्या कुंडीला छप्पर लागतंच.

पुढच्या वेळी हा रोग येऊ नये म्हणून तयारी मे महिन्यात करायची. भाताच्या रोपवाटिकेसाठी जुनी माणसं राब भाजत, म्हणजे पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जमीन जाळत. त्याने तणाचं बी आणि वरच्या थरातली कीड-बुरशी मरत असे. कुंडीच्या मातीला आग लावायची गरज नाही. माती ओलसर करून पातळ पसरावी, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा दाबून टाकाव्यात आणि मेच्या उन्हात तीन-चार आठवडे राहू द्यावी. प्लास्टिकखाली माती चांगलीच तापते. नंतर तिच्यात पूर्ण कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळलं की पाणी साचत नाही. शेणखत अर्धकच्चं असेल तर त्यातून हुमणी येते, मुळं कुरतडली जातात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी कृषी सेवा केंद्रात पावडर म्हणून मिळते. कुंड्यांसाठी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम कालवून ते पाणी पेरणीआधी मातीत ओतावं. पाकिटावरची मुदत बघूनच घ्या. ही जिवंत वस्तू आहे. मुदत संपलेलं किंवा दुकानात उन्हात पडलेलं पाकीट उपयोगाचं नाही. बुरशीनाशक औषधासोबत तर ती कालवूच नये.

पानावरची कीड

मावा कोवळ्या शेंड्यावर बसतो, पान चिकट होतं, मुंग्यांची रांग लागते. मुंग्या दिसल्या की पानं उलटून बघायची. पिठ्या ढेकूण म्हणजे कापसासारखा पांढरा पुंजका, तो तुळशीच्या पेरांत बसतो. तुळशीची पानं वरून फिकट ठिपक्यांची आणि खालून काळ्या विष्ठेच्या टिपक्यांनी भरलेली दिसली तर तो जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि उन्हाळ्यात लाल कोळी येतो, बारीक जाळं दिसतं. यातल्या बहुतेकांना पहिला उपाय पाण्याचा. सकाळी पानाच्या खालच्या बाजूने जोरात पाणी मारलं की अर्धी कीड गळते. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून काढता येतो.

एवढ्याने नाही भागलं तर कडुनिंब. मे-जूनमध्ये झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून वाळवून ठेवाव्यात. पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळून चिमूटभर साबण घालून फवारायची. तयार निंबोळी तेल असेल तर कोवळ्या रोपाला लिटरला दोन-तीन मिली, मोठ्याला पाच मिली. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या साबणाच्या पाण्यात घुसळून घ्यावं. कपड्याची पावडर मात्र नको, पानं करपतात. आधी दोन पानांवर मारून एक दिवस वाट पाहावी. फवारणी संध्याकाळी करावी आणि आठवड्याने पुन्हा. फवारल्यावर चार-पाच दिवस पान खुडू नये, खुडल्यावर धुऊन घ्यावं.

निंबाचं तेल बुरशीवर चालतं यावरून एकदा मोठं भांडण झालं होतं. १९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला त्याचं पेटंट दिलं. हरकत घेतली गेली, तेव्हा पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात झालेल्या चाचण्यांचा पुरावा तिथे मांडला गेला. २००० मध्ये पेटंट रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आपल्या गोठ्यामागच्या झाडाची ही गोष्ट.

कढीपत्त्याच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळेल, मोठी झाली की हिरवी होते. ही लिंबाच्या फुलपाखराची अळी. दहा पानांचं रोप ती दोन दिवसांत फस्त करते. हाताने उचलून अंगणातल्या मोठ्या लिंबावर सोडली तरी चालतं. माव्याच्या गर्दीत काळपट, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरताना दिसली तर तिला मारू नका. ती बहुधा ढालकिड्याची असते आणि मावा खाते. दिसायला ओंगळ म्हणून बिचारी चिरडली जाते.

गोगलगायींसाठी रात्री कुंड्यांजवळ ओलं गोणपाट टाकून ठेवावं. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. मीठ कुंडीत टाकलं तर रोपच जाईल. २०२२ मध्ये लातूर, बीड भागात याच शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती.

सेंद्रिय म्हणजे सगळंच बिनविषारी नाही

तंबाखूचा काढा आणि दशपर्णी अर्काच्या कृती मोबाईलवर फिरत असतात. तंबाखूतलं निकोटीन हे विषच आहे. दशपर्णीत कण्हेर, धोतरा असा पाला पडतो. शेतात त्याचा वापर होतो, पण कच्च्या खायच्या पाल्यावर हे दोन्ही मारू नये.

कुंडी कशाची आहे हेही बघा. अंबरनाथ, बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत आणि भंगारात रसायनाचे कॅन, ड्रम येतात. कापले की मोठी स्वस्त कुंडी होते, पण खायच्या पाल्याला ती नको. वालधुनी नदी अंबरनाथ, उल्हासनगरमधून वाहत जाते आणि तिच्यात कारखान्यांचं सांडपाणी मिसळत आलं आहे. तिचं किंवा नाल्याचं पाणी कुंडीला घालू नये, नळाचं घालावं. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून द्यावं, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

रोग ओळखता आला नाही तर रोगट रोप मुळासकट उपटून कोरड्या कागदात गुंडाळावं आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयात दाखवावं. प्लास्टिकच्या पिशवीत नेलं तर वाटेतच सडतं आणि मूळ रोग कोणता होता ते कळत नाही.