नाव पुसलं, ताबा कायम

१९७१ सालचा उत्तरार्ध. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जच्या इमारतीत, तुम्ही सहाव्या मजल्यावरच्या छताखालच्या खोलीत उभे आहात. कानावर आधी आदळतो तो टेलिटाइपचा खडखडाट. स्क्रीन नाही, माऊस नाही. टाइपरायटरच्या जातीचं एक धूड, त्यातून सरकत येणारा कागद आणि कागदावर उमटणारी नुसती कॅपिटल अक्षरं. यंत्रासमोर दाढीवाले केन थॉम्प्सन बसलेत, शेजारी डेनिस रिची उभे आहेत. तुमच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

तुम्ही आपल्या काळातलं एक दुखणं घेऊन आला आहात. सर्व्हरची डिस्क फुल झाली. डीएफ म्हणाला, शंभर टक्के भरली. तुम्ही शोधाशोध करून तीस जीबीची एक लॉग फाइल हुडकलीत आणि आरएम मारून उडवलीत. पुन्हा डीएफ चालवला, तर शंभरचे शंभर टक्के. डीयूला विचारलं, तर तो म्हणाला, छे, निम्मीच डिस्क वापरात आहे. दोघांतलं खोटं कोण बोलतंय? हे विचारायला याहून योग्य जागा नाही. ३ नोव्हेंबर १९७१ ची तारीख घातलेलं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल याच मंडळींनी काढलं आणि त्यात डीएफ आणि डीयू दोघांचीही पानं आहेत.

समोरचं यंत्र आहे पीडीपी-११/२०. मेमरी २४ केबी. त्यातले १६ केबी सिस्टिमचे, उरलेले ८ वापरणाऱ्याचे. डिस्क अर्ध्या एमबीची. तुमच्या मोबाइलने काढलेला एक फोटो तिच्यावर मावणार नाही. एवढ्याशा संसारावर पेटंट विभागाचे तीन टायपिस्ट एकाच वेळी पेटंटचे अर्ज टाइप करतात, आणि त्याच यंत्रावर थॉम्प्सन-रिचींचं सिस्टिम घडवण्याचंही काम चालतं. टायपिस्टांचा हात जितका झरझर चालेल तितकी डिस्क लवकर भरते. मग दर काही तासांनी मजकूर डेकटेपच्या छोट्या रिळांवर काढून जागा करावी लागते. तुमच्या डोक्याला झालेला ताप असा युनिक्सइतकाच जुना आहे.

तेवढ्यात कोणीतरी हाळी देतं, 'ए डॉट आऊट?' आणि बाकीच्यांची धांदल उडते. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत शिरू नये अशी सोय या यंत्रात नाही. ए डॉट आऊट, म्हणजे नवा, न तपासलेला प्रोग्राम, बिघडला तर सगळ्यांना घेऊन बुडणार. म्हणून चालवणारा आधी ओरडून विचारतो आणि बाकीचे हातातलं लिखाण घाईघाईने सेव्ह करतात. प्रॉडक्शनवर काही चढवण्याआधी तुम्ही टीमच्या ग्रुपवर टाकता तो मेसेज या हाळीचाच वंशज.

खुर्ची रिकामी होते. बसा. कळ चांगली खोलवर दाबावी लागते, बोटाला जोर लागतो. हा 'मॉडेल ३३' टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरं छापतो. बहात्तर अक्षरांची एक ओळ यायला सात सेकंदांहून जास्त वेळ. आता कळेल की सीपी, एमव्ही, आरएम अशी दोन-दोन अक्षरी नावं कुठून आली. आणि हेही कळेल की आरएम काम फत्ते झाल्यावर एक अक्षर का बोलत नाही. 'फाइल यशस्वीरीत्या काढून टाकण्यात आली आहे' असं ऐकायला इथे कोणाला सवड आहे? शब्द खर्चायचे ते काही बिनसलं तरच. लिनक्सवर नवा आलेला माणूस या शांततेला बिचकतो आणि आरएम पुन्हा एकदा मारून बघतो.

दोन वर्षं पुढे या. १९७३, तीच मंडळी. आजवर एका प्रोग्रामचं उत्तर दुसऱ्याला द्यायचं तर मध्ये एक फाइल करावी लागे, आणि ती फाइल पुन्हा त्याच टीचभर डिस्कवर. विभागप्रमुख डग मॅकिलरॉय १९६४ पासून म्हणतायत की एका प्रोग्रामचं बाहेर पडणारं टोक दुसऱ्याच्या तोंडाला थेट जोडता आलं पाहिजे. अखेर एका रात्रीत थॉम्प्सन ते करून टाकतात, आणि त्याबरोबर बऱ्याच प्रोग्रामांना फाइलचं नाव न घेता येईल तो मजकूर वाचायला शिकवतात. सुरुवातीला ही जोडणी लिहायची पद्धत अवघड होती, बाण वापरून: 'सॉर्ट इनपुट >पीआर>ओपीआर>'. शेवटचा बाण विसरलात की संपलं. पण त्याच वर्षी थॉम्प्सनना लंडनला भाषण द्यायचं होतं, आणि हे ध्यान लोकांना दाखवायची त्यांना लाज वाटली. त्यातून आली ती उभी रेघ, | . कुठल्या फोल्डरने डिस्क खाल्ली हे बघायला तुम्ही रोज 'डीयू | सॉर्ट -एन' लिहिता, ती हीच रेघ.

त्याच सुमारास याच ठिकाणी ली मॅकमहॉन 'फेडरलिस्ट पेपर्स'वर काम करतायत. अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेले हे ८५ लेख, मजकूर एक एमबीच्या घरात. त्यांना त्यात शब्द शोधायचेत, पण ईडी या एडिटरला एवढी फाइल पेलत नाही. थॉम्प्सन ईडीच्या पोटातला शोधण्याचा भाग तेवढा बाहेर काढतात आणि त्याचा स्वतंत्र प्रोग्राम करतात. तो एक ओळ वाचतो, जुळली तर छापतो, नाही तर टाकून पुढची घेतो. हाच ग्रेप. तुमच्या सर्व्हरवर आठ जीबीची लॉग एडिटरमध्ये उघडलीत तर यंत्राचा जीव जातो, पण ग्रेप तीच फाइल सहज चाळतो, कारण एका वेळी त्याच्या हातात फाइलचा लहानसा तुकडाच असतो.

आणखी थोडं पुढे सरका, फोटोटाइपसेटरपाशी. कोणीतरी मजकूर पाठवलाय, फोटोचा कागद रसायनातून काढलाय, आणि धुऊन वर आलेल्या त्या महागड्या कागदावर सुबक टायपात एकच ओळ आहे: अमुक फाइल उघडता आली नाही. एकाच दुपारी बऱ्याच जणांचं असं झालं. कुरकुर योग्य त्या कानांवर गेली आणि दोन-चार दिवसांत चुकांचे निरोप जायला वेगळी वाट निघाली. क्रॉनच्या ओळीच्या शेवटी तुम्ही न विचार करता '२>&१' चिकटवता, तेव्हा त्या दुपारनंतर वेगळ्या केलेल्या दोन वाटा पुन्हा एक करत असता.

आता तुमच्या दुखण्याकडे. टेबलावरच्या मॅन्युअलमध्ये अनलिंकचं पान काढा. आरएम आतून हेच बोलावतं. युनिक्समध्ये फोल्डर म्हणजे एक यादी. प्रत्येक ओळीत एक नाव आणि एक आकडा. तो आकडा ज्या नोंदीचा, ती नोंद म्हणजे आयनोड. फाइल किती मोठी, कोणाची, डिस्कवर नेमकी कुठे, हे सगळं तिथे. फाइलचं नाव मात्र तिथे नाही. एकाच आयनोडला दोन-चार नावं असू शकतात, म्हणून त्याच्यापाशी नावांची मोजदाद असते. आरएम यादीतली एक ओळ पुसतो आणि मोजदाद एकाने उतरवतो. ती शून्यावर आली की जागा मोकळी होते, पण एका अटीवर: त्या क्षणी कुठल्याही प्रोग्रामने ती फाइल उघडी धरलेली नसली पाहिजे. धरली असेल तर तो सोडेपर्यंत जागा त्याचीच.

सातबाऱ्यावरून नाव उडालं म्हणून जमीन मोकळी होत नाही, कूळ ती कसत असतं. तुमच्या तीस जीबीचं नेमकं हेच झालंय. लॉग लिहिणारी सर्व्हिस अजून त्याच निनावी फाइलमध्ये लिहितेय. डीयू फोल्डरा-फोल्डरांतून हिंडून नावं गाठतो आणि त्यांची बेरीज करतो. नावच नसलेली फाइल त्याला दिसणार कुठून? डीएफ नावांच्या भानगडीत पडत नाही. तो फाइल सिस्टिमलाच विचारतो की मोकळे ब्लॉक किती. खोटं कोणीच बोललं नाही. प्रश्न दोन होते आणि तुम्ही उत्तर एकच धरून बसलात.

थॉम्प्सन-रिचींना हे सुचलं नसेल असं समजू नका, ही सोय आहे. प्रोग्राम तात्पुरती फाइल उघडतो आणि लगेच तिचं नाव पुसतो. मग तो मध्येच कोसळला तरी मागे कचरा राहत नाही. चालत्या सर्व्हरवर तुम्ही लायब्ररी अपडेट करता आणि जुने प्रोग्राम बिनधास्त चालत राहतात, तेही याच नियमाच्या जिवावर.

पण फाइल धरून कोण बसलंय हे हुडकायचं कसं? १९८४ ला या.  बेल लॅब्जमध्ये टॉम किलियन चालत्या प्रोग्रामांनाच फाइलींचं रूप देतायत. स्लॅश प्रॉक नावाच्या फोल्डरात प्रत्येक प्रोसेससाठी एक नोंद. यंत्राच्या पोटात चाललंय काय, हे आता एलएसने बघता येईल. लिनक्सने ही कल्पना घेतली आणि पुष्कळ फुगवली.

तो लिनक्स जन्मला हेलसिंकीत. १९९१ चं वर्ष सरत आलंय. २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स आपल्या ३८६ पीसीसमोर आहे. युनिक्सचं कोडही त्याच्याकडे नाही आणि पॉझिक्सचं स्टँडर्डही हाती लागलेलं नाही. कुठला सिस्टिम कॉल काय करतो हे तो विद्यापीठातल्या सन कंपनीच्या मॅन्युअलमधून बघतो. मरे हिलचा नियम असा कागदावरून इथवर येतो, कोडची एकही ओळ न घेता. मॉडेमवरून विद्यापीठाचा नंबर फिरवायला तो हुकूम सोडतो, पण मॉडेमच्या जागी डिस्कचं नाव पडतं. युनिक्सच्या जगात दोन्ही फाइलीच, दोन्हीकडे लिहिता येतं. 'खरंच का?' असं कोणी विचारत नाही, आणि मिनिक्स या त्याच्या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या पार्टिशनवर मॉडेमचे हुकूम लिहिले जातात. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी तो ठरवतो की आता आपल्याच सिस्टिमवर भागवायचं.

आता आपल्या काळात, काळ्या टर्मिनलसमोर. 'एलएसओएफ +एल१' चालवा. हा प्रोग्राम पर्ड्यू विद्यापीठात व्हिक एबेल यांनी लिहिला. नाव एकही उरलेलं नाही पण कोणीतरी उघडी धरली आहे, अशा फाइलींची तो यादी देतो. त्यात तुमची लॉग दिसेल, शेजारी प्रोसेसचा नंबर आणि तीस जीबीचा आकडा. एलएसओएफ नसेल तर स्लॅश प्रॉकमध्ये त्या नंबरच्या फोल्डरात जा. आतल्या एफडीमध्ये एलएस -एल केलंत की त्या फाइलपुढे डिलीटेड असा शेरा दिसतो. सर्व्हिस रीस्टार्ट केलीत की जागा त्याच क्षणी सुटते. रीस्टार्ट परवडत नसेल तर एफडीतल्या त्याच नोंदीवर '>' ने काहीच न लिहिता फाइल शून्यावर आणता येते. मात्र प्रोग्रामने फाइल अपेंडसाठी उघडलेली नसेल तर तो पुढची ओळ जुन्याच जागेवरून लिहितो. मग त्या फाइलचा आकार पुन्हा तीस जीबीचा दिसतो, पण प्रत्यक्षात आतला भाग पोकळ असतो.

यादी रिकामी आली तर? डीएफ -आय बघा, आयनोड संपले असतील: जागा आहे, पण नवी नोंद करायला रकाना नाही. लाखो बारक्या सेशन फाइली साचल्या की हेच होतं. किंवा ज्या फोल्डरवर दुसरी डिस्क माउंट केलीय, त्याच्याखाली जुन्या फाइली दडून बसल्या असतील. आणि ईएक्सटी४ वर मुळात पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते, तीही हिशेबात धरा.

चालू लॉग आरएम करू नका, रिकामी करा. आणि तुमच्या लॉगरोटेटच्या सेटिंगमध्ये प्रोग्रामला 'फाइल नव्याने उघड' असं सांगणारी ओळ आहे की नाही, ते आज दिवसाउजेडी, चहा घेता घेता बघून ठेवा. ते रात्री दोन वाजता बघायचं काम नव्हे.