चाल कोणाची?

जुन्या संगीत नाटकाचे एखादे पुस्तक हाती आले, तर एक गोष्ट मुद्दाम पाहा. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ छापलेली असते. 'चाल' असे लिहून पुढे एखाद्या जुन्या पदाचे, लावणीचे किंवा कानडी गाण्याचे नाव दिलेले असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि १८८२ साली 'सौभद्र'. या नाटकांतल्या चाली त्यांनी कीर्तनातून, लावणीतून, कर्नाटकातल्या गाण्यांतून उचलल्या. चाल उसनी होती आणि ती उसनी असल्याचे पुस्तकात छापले जात होते. गाणाऱ्या नटाला चाल चटकन कळावी, ही त्यातली व्यवहाराची सोय. पण त्या एका ओळीमुळे शंभर वर्षांनंतरच्या वाचकालाही मुळाचा पत्ता मिळतो.

ही ओळ मला आठवली ती अगदी वेगळ्या ठिकाणी. माझा भाचा जुन्या-नव्या रेकॉर्ड जमवतो. त्याच्याकडे 'डाफ्ट पंक' या फ्रेंच जोडीच्या बऱ्याच तबकड्या आहेत. एका सुट्टीत त्यांची वेष्टणे मी सावकाश वाचत बसलो आणि लक्षात आले, की ही मंडळी करतात ते आपल्याकडच्या चाली उचलण्याच्या फार जवळचे आहे. फरक एवढाच की किर्लोस्करांनी चाल घेतली आणि यांनी प्रत्यक्ष आवाजच घेतला. मग साहजिकच प्रश्न आला, यांच्या पुस्तकात 'चाल' कुठे छापली आहे?

थॉमस बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो हे पॅरिसचे दोघे शाळासोबती. आधी त्यांनी गिटारचा एक बँड काढला. एका इंग्रजी साप्ताहिकाने त्या बँडची 'डाफ्ट पंकी' अशी हेटाळणी केली. या पोरांनी तीच शिवी नाव म्हणून घेतली. १९९४ साली ग्लासगोच्या 'सोमा' या छोट्या कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली, १९९५ साली 'डा फंक' आली आणि १९९७ साली 'होमवर्क' हा पहिला अल्बम. चेहऱ्यावर यंत्रमानवाचे शिरस्त्राण घालून ते लोकांसमोर येत. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी जोडी मोडल्याचे जाहीर केले.

कॅसेट आणि सीडी घरोघर पोचलेल्या असताना ही पोरे तबकडीच का काढत होती? कारण त्यांचे गाणे आधी घरात नव्हे, नाचघरात वाजायचे होते. तिथे वाजवणाऱ्यापुढे दोन टर्नटेबल असतात. एक रेकॉर्ड संपत आली की दुसरीचा वेग हाताने जुळवून तो ताल न तोडता पुढे जातो. आपला तबलजी लय धरून गायकाला हात देतो, तसेच काहीसे. त्यासाठी बारा इंची तबकडी सोयीची. मोठ्या तबकडीच्या एका बाजूला एकच गाणे असले की खाचा ऐसपैस पाडता येतात आणि त्यामुळे ढोलाचा खर्ज दणदणीत उमटतो. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या नाचघरांसाठी टॉम मोल्टनसारख्या मंडळींनी तीन मिनिटांचे गाणे सहा-सात मिनिटांपर्यंत लांबवून, मधला ताल मोकळा करून अशा तबकड्या तयार केल्या. 'रीमिक्स' हा शब्द तेव्हापासून रुजला. लाखेच्या जुन्या रेकॉर्डने आपल्या गवयांना तासाभराचा ख्याल सव्वातीन मिनिटांत बसवायला लावला. या नव्या तबकडीने उलटे केले, तीन मिनिटांचे गाणे ताणले.

डाफ्ट पंकने या तंत्रात आणखी एक पाऊल टाकले. जुन्या, बहुतेकांच्या विस्मरणात गेलेल्या रेकॉर्डमधला दोन-चार सेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि तो आवर्तनासारखा पुन्हा पुन्हा फिरवायचा. समेवर येणारी तीच तीच जागा कानाला कंटाळा न देता धुंदी देऊ शकते, हे लेहरा ऐकलेल्या माणसाला सांगायला नको. २००१ च्या 'डिस्कव्हरी' अल्बममध्ये एडविन बर्डसाँग या अमेरिकन वादकाच्या १९७९ च्या गाण्यातला तुकडा आहे. गीतकर्त्यांत त्याचे नाव आहे. जॉर्ज ड्यूकसारख्या आणखी काहींची नावेही वेष्टणावर आहेत. म्हणजे 'चाल' छापलेली आहे. पुढे २००३ साली 'डाफ्ट क्लब' या नावाने त्यांनी याच गाण्यांचे दुसऱ्यांकडून रीमिक्स करवून घेतले. आपण घेतले तसे इतरांनाही घेऊ दिले.

पण याच अल्बमचे सगळ्यांत गाजलेले गाणे, 'वन मोअर टाइम', एडी जॉन्स नावाच्या लायबेरियात जन्मलेल्या गायकाच्या १९७९ च्या रेकॉर्डवर उभे आहे, आणि त्या यादीत त्याचे नाव नाही. २०२१ साली लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्राने त्याला शोधून काढले, तेव्हा तो त्याच शहरात होता. मधली कित्येक वर्षे बेघर होता. गाण्याचे पैसे जात होते, पण ज्या कंपनीने जुन्या रेकॉर्डचे हक्क विकत घेतले होते तिच्याकडे. गायकापर्यंत ते पोचलेच नव्हते. बातमी आल्यावर कंपनीने त्याचा हिस्सा देण्याची तयारी दाखवली. वीस वर्षे जगभर लोक त्या गाण्यावर नाचत होते.

आता ही परकी गोष्ट वाटत असेल, तर ती आपल्या दारापर्यंत कशी येते ते पाहा. या जोडीतल्या थॉमसचे वडील दानिएल वांगार्द हेही संगीतकार-निर्माते. झाँ क्लुगेर या बेल्जियन साथीदाराबरोबर त्यांनी १९७९ साली 'ओटावान' या नावाने डिस्को गाणी काढायला सुरुवात केली. त्यांचे १९८० चे 'ते ओके' हे फ्रेंच गाणे मुंबईला आले आणि १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये 'जिमी जिमी' होऊन गेले. संगीत बप्पी लाहिरींचे, आवाज पार्वती खान यांचा. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या पेठेतल्या मंडळाच्या मांडवात आरती संपली की हे गाणे लागे आणि भोंग्यातून थेट पुढच्या चौकापर्यंत जाई. ते पॅरिसहून आले आहे हे आम्हाला कोणी सांगितले नाही, कारण रेकॉर्डवरही तसे लिहिलेले नव्हते. पुढे २००७ साली एम.आय.ए. या लंडनच्या गायिकेने हेच गाणे इंग्रजीत गायले. तिचे मूळ मुंबईचे होते आणि मुंबईच्या गाण्याचे मूळ पॅरिसचे. बापाची चाल आम्ही न सांगता घेतली आणि पुढे मुलाने इतरांचे तुकडे घेतले. या हिशेबात कोणीच फक्त सावकार नाही आणि कोणीच फक्त ऋणको नाही.

त्याच १९८२ साली मुंबईत आणखी एक रेकॉर्ड निघाली. चरणजित सिंग हे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. त्यांनी रोलँड कंपनीची तीन नवी जपानी यंत्रे आणली, दहा राग घेतले आणि त्यांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ग्रामोफोन कंपनीने ती रेकॉर्ड काढली; ती फारशी कोणी घेतली नाही. मात्र त्यांनी वापरलेले 'टीबी-३०३' हे खर्जाचे यंत्र पुढे शिकागोच्या पोरांच्या हाती लागले आणि १९८७ साली तिथून 'अॅसिड हाउस' नावाचे संगीत जगभर गेले. डाफ्ट पंकच्या 'डा फंक'मध्ये कुरकुरणारा जो आवाज येतो तो याच यंत्राचा. सिंग यांची तबकडी २०१० साली नेदरलँड्समधल्या एका संग्राहकाने पुन्हा काढली. तेव्हा कुठे लोकांना कळले, की शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत एक माणूस हे वाजवून बसला होता. उतारवयात त्यांना परदेशातून वादनाची बोलावणी आली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. एका रेकॉर्डवर नाव ठळक छापलेले होते म्हणून हे शक्य झाले. चित्रपटांच्या गाण्यांत त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्या शेकडो वादकांची नावे वेष्टणावर कधी आलीच नाहीत. त्यांना कोणी शोधायचे ठरवले तरी कुठून शोधणार?

आता उलट्या दिशेचा प्रवास. २००२ साली अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे एक गाणे खूप गाजले. त्यात मागे सतत एक ओळखीचा आवाज ऐकू येतो. तो लता मंगेशकरांचा. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातल्या, बप्पी लाहिरींच्याच गाण्यातला. ना परवानगी, ना नाव. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि लाहिरींचे नाव दिल्याशिवाय ती सीडी विकायची नाही, असा मनाई हुकूम निघाला. ज्या संगीतकारावर आपण चाली उचलल्याचा आरोप करत आलो, त्यालाच परक्या देशात आपल्या चालीसाठी उभे राहावे लागले. याला विनोद म्हणावे की न्याय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्याच वर्षी आपल्याकडे 'काँटा लगा'चा रीमिक्स आला आणि एकच गदारोळ उठला. मूळ गाणे १९७२ च्या 'समाधी'मधले, राहुलदेव बर्मन यांचे, लताबाईंनी गायलेले. चर्चा झाली ती चित्रफितीतल्या कपड्यांची. मूळ कवी मजरुह सुलतानपुरी होते, याची आठवण फार थोड्यांनी काढली. लताबाईंनी जुन्या गाण्यांच्या मोडतोडीबद्दल वेळोवेळी जाहीर नाराजी व्यक्त केली, अगदी २०१८ सालीही. आशाबाईंनी मात्र १९९६ सालीच 'राहुल अँड आय' या संग्रहात बर्मन यांची गाणी स्वतः नव्या साजात गायली होती. दोन बहिणींच्या दोन वाटा. पण दोन्हीकडे मूळ कोणाचे याविषयी शंका नव्हती. आणि आशाबाईंच्या नावाचा महिमा असा, की कॉर्नरशॉप या इंग्लंडमधल्या बँडने १९९७ साली त्यांच्यावरच गाणे केले आणि त्याचा नॉर्मन कुकने केलेला रीमिक्स १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

कायद्याचे काय? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने जुने गाणे नव्या आवाजात काढायला वाट ठेवली होती. त्या वाटेने १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटींचा पूर आला. २०१२ च्या दुरुस्तीने ही वाट अरुंद केली: मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे व्हायला हवीत, मानधन आधी भरायला हवे, आणि वेष्टणावर ही मूळ नव्हे, नवी आवृत्ती आहे असे छापायला हवे. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडाच घ्यायचा असेल, तर मालकाची परवानगी लागतेच. याच दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना मानधनातला आपला वाटा कायमचा लिहून देण्यापासून वाचवले. वेष्टणावरच्या त्या सक्तीच्या ओळीकडे पाहिले की मला 'सौभद्र'चे पुस्तक आठवते. किर्लोस्करांनी आपणहून छापले, ते सव्वाशे वर्षांनी संसदेला कायदा करून छापायला लावावे लागले.

शुद्धतेचा आग्रह धरून रीमिक्सला नाके मुरडणाऱ्यांतला मी नाही. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी उत्तरेकडच्या ठुमऱ्या आणि बंदिशी मराठी पदांत आणल्या, म्हणून तर आपले नाट्यसंगीत समृद्ध झाले. एकच बंदिश दहा गवई दहा तऱ्हांनी गातात आणि आपण दहाही ऐकतो. घेण्यात कमीपणा नाही. मात्र गवई मैफलीत बंदिश मांडताना आपल्या गुरूचे नाव घेतो, कानाला हात लावतो. ते ऋण मान्य करणे गाण्याइतकेच जुने आहे.

डाफ्ट पंकलाही ते पुढे उमगले असावे. २०१३ च्या 'रँडम अॅक्सेस मेमरीज' या अखेरच्या अल्बमसाठी त्यांनी जुन्या तुकड्यांवर भिस्त न ठेवता जिवंत वादक बोलावले. डिस्कोचा आद्य संगीतकार जॉर्जियो मोरोडर याला ध्वनिक्षेपकासमोर बसवले आणि स्वतःची कहाणी त्याच्याच आवाजात सांगायला लावली. एका गाण्यात तो शांतपणे आपले नाव सांगतो. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान हिने ध्वनिमुद्रण संपताना इंग्रजीत आपले नाव उच्चारले होते. रेकॉर्ड जर्मनीत दाबल्या जायच्या. तिथल्या कारागिरांना गायिका कोण ते कळावे, म्हणून. या दोन प्रसंगांत एकशे अकरा वर्षांचे अंतर आहे, पण गरज तीच.

२०१० साली पुण्यात 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला, २०१६ साली 'सनबर्न' गोव्याहून केसनंदला आला. गणपतीच्या मिरवणुकीत तर रीमिक्सशिवाय पान हलत नाही. यातून गाणी करणारी पुण्याची पोरे आता पुष्कळ आहेत. जुन्या बाजारात धूळ खात पडलेल्या रेकॉर्डही तीच शोधतात. त्यांना माझी एकच विनंती आहे. आजोबांच्या तबकडीतला तुकडा जरूर घ्या, फिरवा, त्यावर नाचा. पण आधी मधल्या कागदावरचे नाव वाचा आणि आपल्या गाण्याखाली ते लिहा. सारंगी कोणाची, क्लॅरिनेट कोणाचा, हे सांगू शकणारे कोणी अजून असेल, तर त्यांना आजच विचारा. ती माणसे गेल्यावर ही माहिती कोणत्याही न्यायालयाला देता येणार नाही.