पाठ्यपुस्तकामागचा शिक्षक : होशंगाबादची तीस वर्षं

पेटची तयारी करताना किंवा सिनॉप्सिस लिहायला घेतल्यावर बऱ्याच जणांच्या कागदावर एक विषय हमखास येतो : 'प्राथमिक स्तरावरील विज्ञान पाठ्यपुस्तकांचा चिकित्सक अभ्यास'. विषय वाईट नाही. पुस्तकं सहज मिळतात, धडे मोजता येतात, तक्ते छान होतात. अडचण एवढीच, की पुस्तकात काय छापलं होतं यावरून वर्गात काय घडलं ते कळत नाही. मध्ये शिक्षक असतो. त्याची तयारी कोणी, किती दिवस, कशी करून घेतली, हे पुस्तकाच्या पानांवर नसतं.

हा मुद्दा नीट समजायला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमासारखं उदाहरण नाही. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांमध्ये तो सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी पुढाकार घेतला आणि राज्य सरकारने आपल्याच शाळांत प्रयोग करायला परवानगी दिली. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडून तिथे गेले होते. पुढे दिल्ली विद्यापीठातले अनेक प्राध्यापकही सामील झाले.

इथे एक शब्द जपून वाचा. मध्य प्रदेशात 'माध्यमिक शाला' म्हणजे सहावी ते आठवी. आपल्याकडे तेच वर्ग उच्च प्राथमिकमध्ये येतात. हिंदी कागदपत्रांतला 'माध्यमिक' जसाच्या तसा मराठीत उचललात, तर तुमचा अख्खा नमुनाच चुकीच्या स्तरावर जाईल.

आता 'बाल वैज्ञानिक' हे या कार्यक्रमाचं पुस्तक बघा. त्यात प्रयोग कसा करायचा ते सांगितलेलं असे, प्रश्न विचारलेले असत, पण उत्तरं दिलेली नसत. मुलं चार-चारच्या टोळीत प्रयोग करणार, निरीक्षणं वहीत लिहिणार, मग वर्गात चर्चा होणार. नुसतं पुस्तक वाचणाऱ्याला हे फार सुंदर वाटतं. पण तुम्ही स्वतःला त्या शिक्षकाच्या जागी ठेवून बघा. आयुष्यभर व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या, आणि आता पुस्तकात व्याख्याच नाही!

मुळं आणि पानं यांचा धडा घ्या. मुलं शेतात जाऊन रोपं उपटून आणतात. ज्वारीच्या पानाच्या शिरा समांतर, मुळं तंतुमय. हरभऱ्याच्या पानात शिरांचं जाळं, मूळ सोटमूळ. दहा-बारा रोपं झाली की नियम दिसायला लागतो. तेवढ्यात समजा एखादी मुलगी अळू घेऊन आली. पानात शिरांचं जाळं, आणि मुळं मात्र तंतुमय. आता शिक्षक काय करणार? 'ते सोडून दे' म्हणणार, की अळू सगळ्यांसमोर ठेवून नियमाबद्दल पुन्हा विचार करायला लावणार? या कार्यक्रमाची खरी परीक्षा अशा क्षणी होती. 'मलाही माहीत नाही, बघूया' हे वर्गासमोर म्हणता येणं, हे कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं.

म्हणून तिथे प्रशिक्षणात व्याख्यानं नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे तीन आठवडे शिक्षक स्वतः टोळ्या करून बसत आणि मुलांनी करायचे तेच प्रयोग करत. शेजारी विद्यापीठातले शास्त्रज्ञ असत. त्यांनाही अडवणारे प्रश्न येत आणि शिक्षक ते बघत. वर्ष सुरू झालं की मासिक बैठका होत आणि शाळेत येऊन मदत करणारी माणसं असत. या भेटींना तिथे 'अनुवर्तन' म्हणत. शिक्षकांकडून आलेल्या अडचणींवरून पुस्तक पुन्हा लिहिलं जाई. परीक्षाही पुस्तक उघडं ठेवून, शिवाय प्रात्यक्षिकासह होई. नाहीतर वर्षभर प्रयोग करून शेवटी घोकंपट्टीच जिंकली असती. पुढे याच शिक्षकांमधून नव्या शिक्षकांना शिकवणारे तयार झाले. माझ्या मते या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

1978 साली कार्यक्रम जिल्हाभर, दोनशेहून जास्त शाळांत गेला. 1982 मध्ये एकलव्य ही संस्था स्थापन झाली आणि तिने जबाबदारी घेतली. हळूहळू इतर जिल्ह्यांतल्याही शाळा जोडल्या गेल्या. आणि 2002 साली राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला.

का बंद केला यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलंय. तुम्ही मात्र आधी रचना बघा. शिक्षक सरकारी नोकर. त्यांना प्रशिक्षणाला पाठवणारा आदेश सरकारी, वेगळ्या परीक्षेची परवानगीही सरकारी. संस्थेकडे कल्पना आणि माणसं होती, पण शिक्षकाचा वेळ शासनाच्या हातात होता. ज्या आदेशाने 16 शाळांचं दार उघडलं, तशाच आदेशाने तीस वर्षांनी ते बंद झालं. पुस्तकाच्या दर्जाची कितीही चर्चा केली तरी हे त्यातून दिसत नाही.

मग काय शोधायचं? प्रशिक्षण शिबिरांचे अहवाल, मासिक बैठकांची इतिवृत्तं, शिक्षण खात्याचे आदेश, 'बाल वैज्ञानिक'च्या वेगवेगळ्या आवृत्त्या समोरासमोर ठेवून. सुशील जोशींचं 'जश्न-ए-तालीम' हे हिंदी पुस्तक आधी वाचा, पण ते कार्यक्रमाच्या आतल्या माणसाने लिहिलंय हे लक्षात ठेवून. आकडेवारी घेताना सांभाळा : हरदा 1998 मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा 'होशंगाबाद जिल्हा' एक नाही. आणि आता जिल्ह्याचं नाव नर्मदापुरम आहे, तेव्हा शोध दोन्ही नावांनी घ्या.

सगळ्यात आधी त्या शिक्षकांकडे जा. 1972 साली पंचविशीत असलेले आज पंचाहत्तरी ओलांडून गेलेत. अहवालात 'शिक्षकांचा प्रतिसाद उत्साहवर्धक होता' एवढं एक वाक्य असतं. अळू समोर आल्यावर त्यांनी नेमकं काय केलं, हे त्यांनाच विचारावं लागेल. कागद अजून दहा वर्षांनीही कपाटात मिळतील, ही माणसं तोपर्यंत भेटतीलच असं नाही.